अनुभव धागा : 'वेल डन, सर!' आणि इंग्रजीत केलेली इतर कौतुकं

गोदाकाठची

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. इंग्रजीचे सर आले होते. वय 81, हातात काठी, पण शर्टाची इस्त्री तीच कडक. सगळ्यांनी आपली मराठीत भाषणं केली. माझी पाळी आली आणि मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी ठरवलं की सरांशी इंग्रजीतच बोलायचं. पहिली दोन वाक्यं सुखरूप पार पडली. मग गळा दाटून आला आणि मी म्हणाले, "सर, आय अ‍ॅम सो प्राउड ऑफ यू. वेल डन!"

सरांनी कानामागे हात धरला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पास झालो म्हणायचा मी!"

लॉन्सवर हशा. मीही हसले, पण चूक काय ते परतताना रिक्षात उलगडलं. 'वेल डन' वरून खाली येतं, थोराकडून धाकट्याकडे. आपलं 'शाबास' तसंच. सरांना 'शाबास' म्हणायला गेले असते तर जीभच अडखळली असती. इंग्रजीत ती अडखळत नाही, कारण 'यू'च्या एकाच पिशवीत तू, तुम्ही आणि आपण असे तिघेही कोंबलेले. मला म्हणायचं होतं 'आय हॅव ऑलवेज लुक्ड अप टू यू'. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने तेही नंतर म्हणून बघितलं, फक्त तिच्या तोंडून 'लुक्ड आफ्टर यू' निघालं. म्हणजे 'सर, मी तुम्हाला कायम सांभाळत आले'.

तर मंडळी, इंग्रजीत कुणाचं कौतुक करताना, आदर दाखवताना किंवा आपलंच कौतुक ऐकताना तुमचं काय झालं ते लिहा. फजिती असेल तर आधी ती.

निफाडचा बागायतदार

माझी फजिती ऐकण्यात झाली.

तीन-चार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खरेदीदाराचा माणूस आमचा माल बघायला पॅकहाउसला आला. थॉमसन द्राक्षांचा घड उचलला, मण्याला कॅलिपर लावला. 18 मिमीच्या वर. मग मणी चिमटीत फोडून रसाचा थेंब गोडी मोजायच्या यंत्राच्या काचेवर टाकला आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघत राहिला. मी श्वास धरून. शेवटी दोन मणी तोंडात टाकले, देठ खिशात ठेवला (हे मला फार आवडलं, खाली फेकला नाही) आणि म्हणाला, "नॉट बॅड. नॉट बॅड अ‍ॅट ऑल."

ऑक्टोबर छाटणीपासून त्या प्लॉटवर जीव टाकला होता. अवकाळीत रात्री दोन-दोनला उठून फवारण्या केल्या होत्या. आणि हा म्हणतो, वाईट नाही! म्हणजे चालेल म्हणतोय, म्हणजे आता रेट पाडणार. घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, भाव बोलला का काही? म्हटलं, चेहरा वाच माझा.

संध्याकाळी पॅकहाउसच्या सुपरवायझरचा फोन. "दादा, पेढे आणा. साहेब जाम खूश आहे, उरलेला प्लॉटही त्यालाच पाहिजे."

वास्तविक मला कळायला हवं होतं. आमच्या आबांनी माझ्या बागेला 'बरी आहे'च्या वर आजवर काही म्हटलेलं नाही. ते 'बरी आहे' म्हणाले की त्या दिवशी घरात गोड करायचं असतं. तोच माणूस गोरा होऊन समोर उभा राहिला तर ओळखू आला नाही.

सिडकोवासी

@बागायतदार, माझं तुमच्या बरोब्बर उलटं. लंडनच्या साहेबाने माझ्या रिपोर्टवर 'क्वाइट गुड' लिहिलं आणि मी ऑफिसभर पेढे वाटले. नंतर समजलं की अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर 'खूपच छान', पण ब्रिटिश साहेबाच्या लेखणीतून आलं तर बहुतेक वेळा 'ठीकठाक आहे, अजून हात फिरवा'. पेढे परत मागता येत नाहीत.

अंबडची एचआर

आमच्या खात्यात कौतुक लेखी करावं लागतं, त्यामुळे पुरावा मागे राहतो.

नोकरीला नवीन होते. एक ट्रेनी मुलगा सोडून चालला होता. अतिशय गुणी, रात्रपाळीतही मशीन पुसून जाणारा. मी प्रेमाने शिफारसपत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य होतं, 'ही वर्क्स हार्डली'. शेवटी 'ही इज अ सिंपल अँड सोबर बॉय'. पंधरा दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्या आधी हसल्या, मग माफी मागून पुन्हा हसल्या. म्हणाल्या, तुमच्या पत्राप्रमाणे हा मुलगा कामाला जवळपास हातच लावत नाही, डोक्याने जरा कमी आहे, पण निदान प्यायलेला नसतो. घेऊ का?

'वर्क्स हार्ड'ला माझा एक 'ली' जास्त झाला होता. 'सिंपल अँड सोबर' मात्र मी स्थळांच्या जाहिरातींतून उचललं होतं, आपल्याकडे निम्मी मुलं तशीच असतात.

मुलाला नोकरी मिळाली. अजून दिवाळीला मेसेज करतो.

नाशिकरोडकर

वडील प्रेसमधून निवृत्त झाले. कॉलनीत कुणालाही इंग्रजी अर्ज लिहायचा असला की आमच्या ओट्यावर यायचं. वडिलांची सुरुवात ठरलेली, 'रिस्पेक्टेड सर'. मी अकरावीत असताना पुस्तकात 'डिअर सर' वाचलं आणि त्यांना दाखवलं. ते भडकलेच. "साहेबाला डिअर? डिअर बायकोला म्हणतात. तेही पत्रात." (बायकोला तरी कधी म्हटलं होतं देव जाणे. आईच्या ट्रंकेत त्यांचं एक पत्र सापडलं, त्याची सुरुवात 'सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद' अशी आहे.)

'रिस्पेक्टेड सर' हा आपल्याकडचा माल आहे, विलायतेत मायन्याला 'डिअर'च चालतं आणि त्यात प्रेमाचा काही संबंध नसतो, हे मला बरंच नंतर समजलं. पण त्यांना 'डिअर' कोरडं वाटायचं आणि मला ते आजही पटतं. ज्याच्याकडे रजा मागायची आहे त्याला आधी नमस्कार नको?

एकदा शेजारच्या मुलाने स्वतःच अर्ज लिहून वडिलांकडे तपासायला आणला. शेवटी सही, वर 'युअर्स रिस्पेक्टिव्हली'. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "रिस्पेक्टफुली म्हणजे आदराने. रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. आपला अनुक्रमे!" पुढे त्या मुलाचं नाव गल्लीत 'अनुक्रमे'च पडलं. आता तो बँकेत आहे, तरी आम्ही विचारतो, काय अनुक्रमे, कर्ज मिळेल का?

पदरावरचा मोर (येवला)

आमच्या घरी दोन हातमाग आहेत. सासरे अजून बसतात. परदेशी पाहुणे कधीमधी पैठणी विणताना बघायला येतात, मी मोडकंतोडकं सांगते.

एक उंच म्हातारे गृहस्थ आले होते, डोक्याला मोठी उन्हाळी हॅट. सासऱ्यांनी पदर उलटा करून दाखवला. खऱ्या पैठणीचा पदर पुढून-मागून सारखा दिसतो, मागे लोंबते धागे नसतात. गृहस्थांनी चार वेळा उलटापालटा केला, मोरावरून बोट फिरवलं. मग सरळ उभे राहिले, हॅट काढली, छातीशी धरली आणि म्हणाले, "सर, आय टेक माय हॅट ऑफ टू यू."

सासरे चरकले. त्यांच्या डोक्याला कायम पांढरी टोपी. मला हळूच विचारलं, "याच्या घरी कोण गेलं का गं?"

आमच्या लहानपणी मोठ्यांपुढे बोडकं डोकं म्हणजे दुखवट्याची खूण. मान द्यायचा तर टोपी नीट करायची, बाईने पदर घ्यायचा, आणि सत्कारात तर वरून फेटा चढवायचा. आणि हा बाबा मान द्यायला डोकं उघडं करतोय! मी समजावलं, मामंजी, त्यांच्यात असंच असतं, तुमच्या हाताला मान देतोय तो. सासऱ्यांनी क्षणभर विचार केला, मागावरून उठले आणि खुंटीवरची स्वतःची धुतलेली टोपी आणून त्याच्या डोक्यावर ठेवली. म्हणाले, "सांग त्याला, आता झाला मान."

ते तसेच टोपी घालून गाडीत बसले. हॅट हातात.

गोदाकाठची

@पदरावरचा मोर, हे वाचून मी दोनदा उठून पाणी प्यायले.

देवळाली कॅम्प

तोफखान्यात 24 वर्षं काढली. साहेब लोक दिवसभर इंग्रजीत बोलत. पण नेम बरोबर बसला की पाठीवर थाप आणि तोंडात 'शाबाश'. त्या जागी 'एक्सलंट' कधी ऐकलं नाही.

त्र्यंबक तालुक्यातला मास्तर

सहावीच्या वर्गात 'अ‍ॅडमायर' शब्द आला. मी फळ्यावर लिहिलं, आदर करणे. एक मुलगा म्हणाला, "मग सर, रिस्पेक्ट म्हणजे?" तेही आदर करणे. "मग दोन शब्द कशाला?"

आता काय सांगणार. म्हटलं, कविता राऊत माहीत आहे? सगळे हात वर. सावरपाड्याची, आमच्याच तालुक्यातली. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ आणणारी. म्हटलं, तिच्याबद्दल काय वाटतं? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षात सात वाक्यं बोलली असेल, ती म्हणाली, "तिला बघितलं की पळावंसं वाटतं."

मी फळ्यावरचं पुसलं आणि 'अ‍ॅडमायर'पुढे तिचं वाक्य लिहिलं. मग 'रिस्पेक्ट'चं विचारलं. ती म्हणाली, "हेडसर आले की उभं राहावं लागतं, ते." तेही लिहिलं. नेमके हेडसर राउंडला आले, त्यांनी वाचलं, आणि वर्ग उभा राहिला.

त्याच वर्गातल्या एकाने दादासाहेब फाळक्यांवर निबंध लिहिला. गावचे म्हणून अभिमान. जन्म त्र्यंबकेश्वर, 1870, सगळं बरोबर. 'फेमस' तीनदा झालं म्हणून चौथ्यांदा डिक्शनरीतून नवा शब्द काढला आणि लिहिलं 'ही वॉज अ नोटोरियस फिल्ममेकर'. 'कुप्रसिद्ध'मध्ये 'प्रसिद्ध' असतंच ना सर, हा त्याचा युक्तिवाद. एक मार्क दिला.

वर्क फ्रॉम सातपूर

आमच्या कंपनीत दर शुक्रवारी 'कुडोज'चा तास असतो. कॉलवर प्रत्येकाने कुणाचं तरी कौतुक करायचं. गेल्या शुक्रवारी मोजलं, चाळीस मिनिटांत 'ऑसम' 31 वेळा. त्यातला एक 'ऑसम' मी म्यूट काढायला विसरलो नाही यासाठी होता.

कुतूहल म्हणून या शब्दांचं मूळ शोधलं. 'कुडोज' मूळचा ग्रीक, अर्थ कीर्ती, आणि तो एकवचनी आहे, त्यामुळे एकाला एक 'कुडो' देता येत नाही (आमचा मॅनेजर देतो). 'ऑसम' म्हणजे ज्यापुढे दरारा वाटावा असं. 'टेरिफिक' मूळचं भीतीदायक, 'टेरर'चं भावंड. आणि 'नाइस'चा उगम ज्या लॅटिन शब्दात आहे त्याचा अर्थ अडाणी! कौतुकाचे शब्द नोटांसारखे हाताळून मऊ पडतात बहुतेक.

त्या चाळीस मिनिटांतलं एकच कौतुक लक्षात राहिलं, आणि त्यात 'ऑसम' नव्हतंच. पोलंडची एक मुलगी मला म्हणाली, मंगळवारी तू ती फाइल पाठवताना चौथ्या कॉलमला पिवळा रंग दिलास, त्यामुळे माझा अर्धा दिवस वाचला. बस. तेव्हापासून मीही असंच काहीतरी शोधून बोलतो. आठवडाभर लक्ष ठेवावं लागतं, वैताग आहे, पण ठीक आहे.

इंदिरानगरची आजी

मुलगा सिएटलला. त्याच्या ऑफिसातली मैत्रीण भारतात फिरायला आली, दोन दिवस आमच्याकडे राहिली. पोळ्या लाटल्या, रांगोळी काढली, माझ्याबरोबर भाजी निवडली. किती गोड मुलगी! निघताना तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "यू आर व्हेरी होमली."

चेहरा पडला तिचा. मुलाचा फोनवर नुसता आरडाओरडा, "आई, अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची!" मी म्हटलं, मग घरात मिसळून जाणाऱ्या मुलीला तिकडे काय म्हणतात? त्याला सांगता आलं नाही. म्हटलं, मग तिला सांग, आई म्हणते तू आमच्या घरातलीच आहेस.

गेल्या डिसेंबरात लग्न झालं दोघांचं. अजून मला चिडवते, "आई, होमली दिसतेय का मी आज?"

सीबीएस ते कसारा

वाचतच होतो, लिहिणार नव्हतो. पण धागा 'आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू'पासून सुरू झाला म्हणून.

पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. 31 वर्षं, त्यातली बरीचशी कसारा घाटात, आणि एकही अपघात नाही. रिटायर झाले त्या दिवशी शेवटची गाडी डेपोत लावली, स्टेअरिंग फडक्याने पुसलं आणि खाली उतरले. सहकाऱ्यांनी हार घातले. मी घ्यायला गेलो होतो. मोटरसायकलवर मागे बसले, मांडीवर हारांची पिशवी. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो आणि मी मागे न बघता म्हणालो, "पप्पा, आय अ‍ॅम रिअली प्राउड ऑफ यू."

गोदाकाठच्या ताई, तुमच्या हिशोबाने हे चुकलंच. धाकट्याने थोरल्याला म्हणायचं नाही.

"काय म्हणला?"

"काही नाही."

"मराठीत सांग की."

मराठीत काय सांगायचं असतं ते सिग्नल सुटेपर्यंत शोधत होतो. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले.

"बरं, राहू दे," पप्पा म्हणाले. "गियर टाक. आणि डावीकडनं घे, तिकडं खड्डा आहे."