२०१८चा सर्वोत्तम सामना: तोक्योच्या समितीचा कौल योग्य की वाचकांचा?

तिसरीघंटा (चर्चाप्रस्ताव)

प्रो-रेसलिंगमधील वार्षिक सन्मानांपैकी दोनांकडे जाणकारांचे विशेष लक्ष असते. पहिला जपानच्या 'तोक्यो स्पोर्ट्स' या दैनिकाचा असून तो १९७४पासून निवड समितीमार्फत दिला जातो. दुसरा डेव्ह मेल्टझर यांच्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या अमेरिकी वार्तापत्राचा. त्यात वाचक तीन पसंती कळवतात आणि त्यांना अनुक्रमे पाच, तीन व दोन गुण मिळतात. २०१७ साली दोघांनीही ४ जानेवारीच्या जपानी मल्ल काझुचिका ओकादा विरुद्ध कॅनडाचा केनी ओमेगा या सामन्यालाच सर्वोत्तम ठरवले. २०१८मध्ये मात्र वाटा फुटल्या. समितीने ४ जानेवारीला तोक्यो डोम या स्टेडियममध्ये झालेल्या ओमेगा विरुद्ध क्रिस जेरिको या सामन्याला मान दिला, तर वाचकांनी ९ जूनच्या ओसाकामधील ओमेगा-ओकादा लढतीला.

माझ्या मते वाचक बरोबर होते आणि समितीचा निर्णय त्या वर्षाला न्याय देणारा नव्हता. निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे या कलेत विजय मोजून काही हाती लागत नाही. दोन माणसांनी मिळून रिंगमध्ये काय उभे केले, एवढेच पाहायचे असते. ओसाकातील सामना तीन फेऱ्यांचा होता, वेळेची मर्यादा नव्हती आणि तिन्ही फेऱ्या मिळून तो ६४ मिनिटे ५० सेकंद चालला. पहिली फेरी ओकादाने घेतली, पुढच्या दोन ओमेगाने, आणि ओकादाकडे ७२० दिवस असलेले अजिंक्यपद संपुष्टात आले.

पण खरी गोष्ट एका डावाची आहे. 'वन विंग्ड एंजल' या डावात ओमेगा प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर बसवतो आणि तिथून डोके व मान खाली करून आपटतो. २०१७च्या जानेवारीत ओकादाने तो डाव लागूच दिला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये डाव लागला, पण ओकादाचा पाय रिंगच्या दोरावर गेल्यामुळे नियमानुसार चीत ठरवण्याची पंचांची मोजणी थांबली आणि साठ मिनिटांनंतर सामना बरोबरीत सुटला. ऑगस्टमध्ये अखेर त्या डावाने ओकादा चीत झाला. हे सारे ठाऊक असलेला प्रेक्षक ओसाकामध्ये ओमेगाने ओकादाला खांद्यावर घेताच श्वास रोखून बसतो, आणि शेवटच्या दोन्ही फेऱ्या त्याच डावाने संपतात. दीड वर्षाची मांडणी इतक्या निष्ठेने शेवटाला नेलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. मेल्टझर यांनी पाच ताऱ्यांच्या मापात या सामन्याला सात तारे दिले. तो आकडा बाजूला ठेवला तरी माझे मत बदलत नाही.

गच्चीवरून

आपण जे बलस्थान म्हणून मांडले आहे, नेमकी तीच माझी हरकत आहे. ज्या सामन्याचा अर्थ लागण्यासाठी आधीचे तीन सामने पाहिलेले असावे लागतात, तो एका वर्षाचा सामना कसा म्हणायचा? ओसाकाची लढत थोर आहे, परंतु ती २०१७मध्ये सुरू झालेल्या कथेचे शेवटचे प्रकरण आहे.

जेरिकोचा सामना ज्याने आधी काहीच पाहिलेले नाही अशा माणसालाही कळतो. १९९९मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कंपनीत गेल्यापासून दुसऱ्या कंपनीसाठी न लढलेला सत्तेचाळीस वर्षांचा नामवंत मल्ल तोक्यो डोममध्ये येतो आणि आपल्याच, कॅनडातील विनिपेग शहरातून पुढे आलेल्या, ऐन भरातील खेळाडूला आव्हान देतो. तिथे नियम जवळपास नव्हतेच. रिंगशेजारी मदतीला उभा असलेला शिकाऊ मल्ल शोता उमिनो हा पंच रेड शूज यांचा मुलगा. जेरिकोने त्यालाही पकडीत घेतले आणि ते पंचांच्या डोळ्यांदेखत घडले. एका कृतीत खलनायक उभा राहिला आणि पंचसुद्धा कथेत ओढले गेले. शेवटी खुर्चीवर आपटून लावलेला 'वन विंग्ड एंजल' समजायला कोणाला इतिहास लागत नाही.

शिवाय तोक्यो डोममधील उपस्थिती आदल्या वर्षीच्या २६,१९२वरून ३४,९९५वर गेली. वर्षाचा सन्मान ठरवताना एखाद्या सामन्याने कलेसाठी दार किती उघडले, हेही पाहायला हवे.

तिसरीघंटा

उपस्थितीचे श्रेय एकट्या जेरिकोला देता येणार नाही. त्या रात्रीचा मुख्य सामना ओकादा विरुद्ध तेत्सुया नाइतो असा होता आणि त्या काळात जपानी प्रेक्षक नाइतोवर जीव टाकत होते. उमिनोचा प्रसंग मलाही आवडतो, मात्र तो सामन्याचा अलंकार आहे. खुर्च्या, टेबले आणि रक्त यांतून चढवलेला आवेश आणि थकलेल्या दोन शरीरांतून फेरीगणिक चढत जाणारा ताण यांत मी दुसऱ्याला वरचे स्थान देईन. पूर्वीचे सामने माहीत नसले तरी ओसाकाची तिसरी फेरी कोणालाही धरून ठेवते. माहीत असल्यास ती अधिक खोल जाते, इतकेच.

शांतारस

आपण दोघेही ओमेगाभोवतीच फिरत आहात. त्याच वर्षी २७ जानेवारीला फिलाडेल्फियामध्ये एनएक्सटी या डब्ल्यूडब्ल्यूईच्या शाखेच्या रिंगणात जॉनी गार्गानो आणि आंद्रादे अल्मास यांनी जे केले, ते मला या दोन्हींपेक्षा अधिक रेखीव वाटते. त्यात एकही हालचाल वाया गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट. वर्षाचा सर्वोत्तम मल्ल म्हणून 'ऑब्झर्व्हर'च्या वाचकांनी ओमेगाला निवडले, तर 'तोक्यो स्पोर्ट्स'ने हिरोशी तानाहाशीला. इथे मी निःसंशय समितीच्या बाजूने आहे. मे महिन्यात फुकुओकामध्ये ओकादाने त्याला हरवून अकरा वेळा अजिंक्यपद राखण्याचा त्याचाच विक्रम मोडला. गुडघे थकलेले, वय एकेचाळीस. अशा माणसाने ऑगस्टमध्ये तोक्योच्या बुदोकान सभागृहात कोता इबुशीला नमवून जी-वन ही वार्षिक साखळी स्पर्धा जिंकावी, यात त्या वर्षाचा सारा चढउतार आहे.

तिसरीघंटा

तानाहाशीबद्दल आपल्याशी पूर्ण सहमत आहे. माणसाचा सन्मान आणि सामन्याचा सन्मान वेगळे ठेवण्याची सोय यासाठीच असते. 'ऑब्झर्व्हर'च्या वाचकांनी २०१९मध्ये सर्वोत्तम मल्ल म्हणून जेरिकोला निवडले आणि सर्वोत्तम सामना म्हणून विल ऑस्प्रे विरुद्ध शिंगो ताकागी. जेरिकोचा प्रभाव त्यांनी योग्य रकान्यात नोंदवला. तोक्योच्या समितीने तो प्रभाव सामन्याच्या रकान्यात घातला, अशी माझी तक्रार आहे.

गच्चीवरून

परंतु २०१८मध्ये जेरिको जपानमध्ये मोजकेच सामने लढला. त्यांपैकी नाइतोविरुद्धचा तर ओसाकातील त्याच ९ जूनच्या कार्यक्रमात झाला. एवढ्या सामन्यांवर त्याला वर्षाचा मल्ल ठरवणे कोणत्याही जपानी समितीला शक्य नव्हते. जानेवारीच्या त्या रात्रीची दखल घ्यायची, तर सामन्याचा पुरस्कार हाच मार्ग समितीपुढे होता, आणि ओकादा-ओमेगा या जोडीला तो मान तिने आदल्याच वर्षी दिलेला होता.