मदत हवी आहे: आईचा पुणे ते सॅन फ्रान्सिस्को प्रवास, नक्की किती तास धरायचे?

नमस्कार. माझी आई (वय ६८) जुलैमध्ये बहिणीच्या बाळंतपणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाली आहे. एकटीच, आणि याआधी ती विमानाने दिल्लीच्या पुढे गेलेली नाही. तिकीट लंडनमार्गे आहे. मुंबईहून बुधवारी रात्री २ ला निघून बुधवारीच दुपारी २.१५ ला पोचतं. ते वाचून आई शेजारच्या काकूंना सांगूनही आली, "बारा तासांचा तर प्रवास!"

मी कागद घेऊन बसले. जुलैत सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. म्हणजे तिकडचे दुपारचे सव्वादोन हे आपले गुरुवार पहाटेचे पावणेतीन. मुंबई–लंडन पावणेदहा तास, लंडनला ४ तास थांबा, पुढे ११ तास, एकूण पावणेपंचवीस. शिवाय पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही, म्हणून कोथरूडहून संध्याकाळी ६ लाच निघणार. घर सोडल्यापासून ३३ तास झाले की हो! हिशेब बरोबर आहे का?

खरी काळजी गोळ्यांची आहे. बीपीची गोळी रोज सकाळी ९ ला असते. सोम ते रवि खणांची डबी तिने आत्ताच भरून ठेवली आहे, पण तिचा तो बुधवार साडेछत्तीस तासांचा असणार.

अजून एक. नेटवर मुंबई–सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १३,५०० किमी दिसतं. मुंबई–लंडन ७,२०० आणि पुढचे ८,६०० मिळवले तर १५,८०० होतात. एवढा फरक कसा? तिकीट अजून बदलता येईल. तिचे गुडघे दुखतात, तर न थांबता जाणारं विमान बरं की हेच?

प्रतिसाद:
ताई, हिशेब चोख आहे. वर इमिग्रेशनच्या रांगेचा तास-दीड तास धरा.
अंतराचं म्हणाल तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. मुंबईहून तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, लडाख, सैबेरिया करत अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. लंडन त्या वाटेवर नाही, म्हणून वळसा पडतो. पण १३,५०० किमी एका दमात म्हणजे पंधरा-सोळा तास एकाच खुर्चीत. गुडघ्यांसाठी मी तरी थांबाच घेईन. व्हीलचेअर आत्ताच तिकिटावर नोंदवा, कडेची सीट घ्या, दर दोन तासांनी उठून चार पावलं चालू द्या.
एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा, म्हणजे प्रवासात गोळीची वेळ चुकणार नाही. तिकडे पोचल्यावर वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांनाच विचारा. गोळ्या हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसकट.

धागाकर्ती:
मनापासून आभार. बाबांचं जुनं घड्याळ कपाटात आहे, त्यात आजच सेल घालून आणते. परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे, तेव्हाही साडेबाराच तास ना?

प्रतिसाद:
नाही, साडेतेरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात. बाबांचं घड्याळ मात्र तसंच राहू द्या.