व्यायाम सुरू झाला आणि वजन वाढले

क-५०३: सर्वांना नमस्कार. मागच्या आठवड्यात मी आपल्या सोसायटीच्या व्यायामशाळेतील सकाळच्या वर्गाला जायला सुरुवात केली. जेवणात काहीही वाढवलेले नाही, तरीही आज काट्यावर माझे वजन जवळपास दोन किलोने वाढलेले दिसले. प्रशिक्षकांना विचारले, तर "होतं असं" एवढेच उत्तर मिळाले. व्यायामशाळेचा खर्च आपण सगळेच भरतो, त्यामुळे कोणीतरी नीट समजावून सांगावे ही अपेक्षा फार मोठी नसावी.

ब-६०१: ताई, प्रशिक्षक नेमताना मी काय म्हणालो होतो, ते सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. तेव्हा ते कोणाला पटले नाही.

सचिव (ब-१०४): आदरणीय सहाशे एक, व्यायामशाळेचा विषय निघाला की आपण नेमणुकीवर येता, म्हणून नम्रपणे सांगतो की ताईंचा प्रश्न वजनाचा आहे. काटा नुकताच तपासून घेतलेला आहे.

अ-४०२: थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. माझ्या जाऊबाईंचेही असेच वजन वाढले होते.

क-३०२: ताई, काळजी करू नका, ते वजन स्नायूंचे आहे. चरबीपेक्षा स्नायू जड असतात, असे सरांनी आम्हालाही सांगितले होते.

डॉक्टरकाका (अ-२०१): क-५०३, आधी एक हिशेब मांडतो. एक किलो चरबी अंगावर साठायला गरजेपेक्षा साधारण ७७०० किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. आठवड्यात दोन किलो चरबी वाढायची, तर रोज २२०० किलोकॅलरी जास्तीच्या हव्यात, म्हणजे जवळपास आणखी एका माणसाचे दिवसभराचे जेवण. तुम्ही तसे काही केलेले नाही, तेव्हा ही चरबी नव्हे. तीनशे दोन, हे स्नायूही नव्हेत. तेवढ्याच आकारमानाच्या चरबीपेक्षा स्नायू थोडे जड असतात हे खरे आहे, पण आठवड्यात दोन किलो स्नायू कोणाच्याच अंगावर चढत नाहीत.

क-३०२: काका, आपल्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण सरांचा या क्षेत्रातला अनुभवही कमी नाही.

ब-६०१: अनुभवाची कागदपत्रे मी तेव्हाच मागितली होती.

क-५०३: कृपा करून माझ्या प्रश्नावर राहावे. चरबी नाही आणि स्नायूही नाहीत, तर मग हे दोन किलो आहेत तरी कशाचे?

डॉक्टरकाका (अ-२०१): बहुतांशी पाण्याचे. जिना उतरताना सध्या तुमच्या मांड्या धरत असतील, बरोबर? सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना अगदी सूक्ष्म इजा होते, ती भरून काढण्यासाठी तिथे सूज येते आणि सुजेबरोबर पाणी साठते. ही ठणक व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. दुसरे कारण असे की, नियमित श्रम होऊ लागले की स्नायू ग्लायकोजेन नावाचे इंधन जास्त साठवू लागतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते, म्हणजे दीडशे ग्रॅम इंधन वाढले तर काटा सहाशे ग्रॅमने पुढे सरकतो. शिवाय दम लागणारा व्यायाम सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाणही वाढते आणि ते हृदयाच्या सोयीचेच असते. पाळीच्या आधीचे दिवस असतील, तर त्याचेही पाणी यात मिळते.

क-५०३: मांड्या खरोखरच इतक्या धरल्या आहेत की कठड्याला धरल्याशिवाय मी पायरी उतरत नाही. त्यासाठी रोज रात्री आयबुप्रोफेनची एक गोळी घेते आहे.

डॉक्टरकाका (अ-२०१): ही माहिती महत्त्वाची आहे. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंड मीठ आणि पाणी अडवून धरतात, त्यामुळे वजनात त्यांचाही वाटा असू शकतो. दुखणे सोसण्याजोगे असेल तर गोळी थांबवा आणि दोन-चार दिवस वजने हलकी ठेवा. मात्र लघवी चहासारखी गडद झाली किंवा दुखणे असह्य झाले, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटत असल्याची शंका घ्यावी लागते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

अ-४०२: थायरॉइडची तपासणी करून घ्यावी असे मी वरही लिहिले आहे. त्याची कोणी दखल घेतलेली दिसत नाही.

डॉक्टरकाका (अ-२०१): दखल घेतली आहे, वहिनी. थायरॉइड मंदावल्याने वजन वाढते, पण ते हळूहळू आणि बहुधा थोडेच, आणि त्याबरोबर थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता अशी लक्षणे दिसतात. ती असतील तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, जरूर करून घ्यावी. आठवड्यातल्या वाढीचे ते कारण नव्हे.

ब-२०२: माझा अनुभव असा, की व्यायामानंतर भूक वाढते आणि नकळत दोन घास जास्तच जातात.

क-५०३: जेवण वाढवलेले नाही, हे मी पहिल्याच संदेशात स्पष्ट लिहिले आहे. न वाचता उत्तर देऊ नये, ही विनंती.

ब-२०२: माझा रोख आपल्याकडे नव्हता. आपण मनाला लावून घेतले, त्याला माझा इलाज नाही.

डॉक्टरकाका (अ-२०१): दोनशे दोन म्हणतात ते पुढच्या महिन्यांसाठी खरे आहे. अर्धा तास झपाझप चालून साधारण दीडशे किलोकॅलरी खर्च होतात आणि तेवढ्या दोन-चार घासांत परत येऊ शकतात. महिना-दीड महिन्यानंतरही काटा चढताच राहिला, तर पाण्याची सबब चालणार नाही, खाणे, झोप आणि चालू असलेली औषधे तपासावीच लागतील. तोवर रोजच्या आकड्यावर जीव टांगू नका, तो एक-दोन किलोने सहज हलतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि आठवड्याची सरासरी पाहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरून, श्वास सहज सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. पोट आत ओढून मोजलेला घेर खोटा असतो.

सचिव (ब-१०४): काट्याखालची रबरी चटई आजच काढून घेतो, कारण काटा टणक जमिनीवरच बरोबर वजन दाखवतो.

ब-६०१: चटईवर तो ठेवला कोणी, हे विचारले तर मीच वाईट ठरेन.

ब-३०३: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. बाबांनी या आठवड्यात फेऱ्या मारायला सुरुवात केली आणि तीन दिवसांत त्यांचे वजन अडीच किलोने वाढले. पायांवर मोज्यांचे वळ खोल उमटतात आणि काल रात्री त्यांनी दोन उशा मागितल्या. हेही व्यायामाचेच पाणी समजावे का?

अ-४०२: थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरकाका (अ-२०१): नाही. वहिनी, कृपया थांबा. ब-३०३, तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ, पायांना सूज आणि दोन उशा लागाव्यात असा आडवे झाल्यावर श्वासाचा त्रास ही एकत्र आलेली लक्षणे हृदय कमी पडत असल्याची असू शकतात. याची ग्रुपवर चर्चा नको, त्यांना आत्ताच रुग्णालयात न्या. फेऱ्या बंद ठेवा, चालू गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत घ्या आणि बसूनही धाप लागत असेल तर रुग्णवाहिका बोलवा.

ब-३०३: बसल्यावर बरे आहेत, पण हे घरी नाहीत.

ब-६०१: मी गाडी फाटकाशी आणतो. बाबांना जिना उतरू देऊ नका. सचिव, लिफ्ट तळमजल्यावर अडकवून ठेवू नका, वर पाठवा.

सचिव (ब-१०४): पाठवली. चाकांची खुर्ची घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर येतो आहे.