मदत हवी आहे: अंदमानात मुक्काम हॅवलॉकला की नीलला? (लवकर सांगा, खोली अडून आहे)

ऊन_सावली
अंदमानला चाललोय. पाठीवर सॅक, पॅकेज-बिकेज नको. विमानाची तिकिटं काढून झाली. एजंटांच्या साइटवर प्रत्येक बीच 'स्वर्ग' आहे, त्यामुळे डोकं चालेनासं झालंय. प्रश्न साधा आहे: हॅवलॉक बेटावर राहायचं की नील बेटावर? आणि बीचला लागून बांबूची हट घ्यायची की गावात खोली? एका होमस्टेवाल्याने फक्त आज रात्रीपर्यंत खोली धरून ठेवलीय. कृपया 'गुगल करा' म्हणू नका, ते करूनच इथे आले आहे.

तर्रीपोहा
कधी? किती जण? खोलीला किती पैसे? काहीच लिहिलं नाही ताई. आम्ही काय इथं पत्रिका पाहून राहिलो का?

धंतोलीचा_फिरस्ता
हॅवलॉक! विचारच करू नका. तिथल्या राधानगर बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालाय, त्याच्या आधी २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं. तिथेच राहा, सकाळ-संध्याकाळ पाण्यात.

पाटीपूजक
फिरस्ताभाऊ, राधानगरजवळ बहुतेक बड्या रिसॉर्टांचा कारभार. सॅकवाले उतरतात ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला, गोविंदनगर आणि विजयनगरच्या पट्ट्यात. तिथून राधानगर दहा-बारा किलोमीटर. लोक फोटो पाहतात राधानगरचा आणि खोली घेतात विजयनगरला. मग ओहोटीला समोर खडकच खडक दिसले की हॉटेलवाल्याला शिव्या.

ऊन_सावली
संक्रांत झाली की निघतोय, आठवडाभर. दोघंच आहोत. खोली दोन हजारांच्या आत. आता सांगा.

नवी_पालवी
अय्या दोघंच! मग हॅवलॉकच. आम्ही गेलो होतो तेव्हा रिसॉर्टवाल्यांनी वाळूत टेबल मांडून मेणबत्त्या लावून जेवण दिलं होतं. पांढरा गाऊन न्या, फोटो फार सुंदर येतात. स्कुबा म्हणजे पाण्याखालची बुडी मारलीत तर तिचा व्हिडिओ स्कुबावाल्यांकडूनच मागून घ्या, मोबाइल पाण्यात नेऊ नका.

मालवणी_मनीषनगर
हॉटेल मागाहून बघा, आधी पंचांग उघडा. पाण्यात कधी उतरायचं हे भरती ठरवते. तिथी गुणिले तीन भागिले चार, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. आमच्याकडे मच्छीमार अजून असंच मोजतात, ॲप लागत नाही. आणि खरं सांगू? एवढ्या पैशात तारकर्लीला महिनाभर राहाल.

पाटीपूजक
मालवणीसाहेब, तो हिशेब कोकण किनाऱ्याचा. प्रत्येक बंदराला चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती यायला लागणारा वेळ वेगळा असतो. अंदमानात त्या पाऊणपटीवर विसंबून पाण्यात उतरलात तर गुडघे सोलून निघतील. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा, नाहीतर धक्क्यावरच्या नाववाल्याला विचारा.

मालवणी_मनीषनगर
चंद्र तोच आहे ना? नागपुरात बसून मला समुद्र शिकवून राहिले!

ऊन_सावली
अहो, मेणबत्त्या नकोत! दोघं म्हणजे मी आणि बाबा. बाबा ६८ वर्षांचे आहेत, उजवा गुडघा दुखतो, पण सॅक स्वतःचीच उचलणार म्हणतात. त्यांना सेल्युलर जेल बघायचंय, मला समुद्र. यात एवढं सांगण्यासारखं काय होतं?

तर्रीपोहा
हे घ्या. सगळा धागाच फिरला की बापा!

समुद्रवेडी
आता उत्तर देता येतं. बीचचा फोटो बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा: धक्क्यापासून खोली किती लांब, आणि खोलीपासून पाणी ओहोटीला किती लांब.

नील छोटं आहे, बरंचसं सपाट, सायकलनेसुद्धा फिरता येतं. धक्क्याला लागूनच भरतपूर बीच आणि बाजारही जवळ. धक्का मात्र लांबलचक आहे, बोटीतून उतरून उन्हात चालावं लागतं. बाबांना आधीच सांगा आणि तेवढ्यापुरती सॅक तुम्ही घ्या, भांडण झालं तरी चालेल. भाज्या बेटावरच पिकतात, ताटात ताजं येतं. लक्ष्मणपूरकडचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो. तिथले दगड शेवाळलेले असतात, गुडघेदुखीवाल्याने लांबूनच बघावं.

हॅवलॉक मोठं, गजबजलेलं, खाण्याचे प्रकार जास्त, स्कुबावाले तिथेच. गोविंदनगरला खोली घेतली तर धक्का आणि बाजार हाताशी येतो. राधानगरला रिक्षाने जाऊन सूर्यास्त बघून परता. आणि हो, जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं बरीच पूर्वेला. नागपूरच्या सवयीने चारचा चहा निवांत घेत बसलात तर अंधारच बघाल.

हटबद्दल: बुकिंग करण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. संडास खोलीत आहे की बाहेर, कमोड आहे का, पायऱ्या किती. बऱ्याच हट खांबांवर उचललेल्या असतात आणि जिना म्हणजे लाकडी शिडी. रात्री गुडघा धरून ती उतरायची म्हणजे शिक्षाच. मच्छरदाणी असतेच असं नाही. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या तर खाज कित्येक दिवस जात नाही, वाळूवर पथारी पसरून झोपू नका.

धंतोलीचा_फिरस्ता
बाबांसाठी स्कूटर भाड्याने घ्या, रिक्षावाले लुटतात.

समुद्रवेडी
गुडघा दुखणाऱ्या माणसाला सॅकसकट मागे बसवून? तुम्ही बसून बघा आधी.

वऱ्हाडी_वादळ
सेल्युलर जेल आधीच करा. १८९६ ते १९०६, दहा वर्षं लागली बांधायला. कोठड्यांचे सात हात म्हणजे सात लांब इमारती होत्या, आज तीनच उरल्या. सावरकरांना १९११ मध्ये तिथे आणलं. यावर माझं स्पष्ट मत असं की...

तर्रीपोहा
भाऊ, ते मत वेगळ्या धाग्यावर. मागल्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते आणि विचारणाऱ्याला शेवटपर्यंत ट्रेनची वेळ सांगितली नव्हती कोणी.

पाटीपूजक
ताई, बोट बुक करताना नावांनी गोंधळू नका. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. साइटवर जुनं-नवं दोन्ही दिसतं. सरकारी बोट स्वस्त, पण तिकिटं पटकन संपतात. खाजगी बोटी महाग पण आधीपासून ठरवता येतात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. नागपूरहून कसं जाताय?

ऊन_सावली
नागपूर-चेन्नई जीटी एक्स्प्रेसने, तिथून विमान. थेट विमान नाहीच. ट्रेन उशिरा आली तर म्हणून चेन्नईत एक रात्र ठेवलीय. बाबांनीच ठेवायला लावली, रेल्वेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

नवी_पालवी
शंख-शिंपले घेऊन येऊ नका हं, विमानतळावर काढून घेतात. आमच्या जाऊबाईंची पिशवी रिकामी झाली होती. उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा तास, चढल्यावर नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

ऊन_सावली
ठरलं. आधी पोर्ट ब्लेअर आणि जेल, मग नीलला बाजाराजवळ तळमजल्यावरची खोली, शेवटी हॅवलॉकला गोविंदनगर, परत पोर्ट ब्लेअर. नीलच्या होमस्टेवाल्याला विचारलं. संडास आत, कमोड आहे, पायऱ्या दोनच. हटचा नाद सोडला. बाबा म्हणतात, बांबूत झोपायला मी काय वाघ आहे?

मालवणी_मनीषनगर
अष्टमीला सहा वाजता पाणी कुठं असतं ते आल्यावर लिहा. मी इथंच आहे.

पाटीपूजक
कोष्टकाचा फोटो लावून लिहा, म्हणजे एकदाचं मिटेल.

जरीपटका_एक्स्प्रेस
याच धाग्यावर विचारतो, लक्षद्वीप पण असंच सॅक घेऊन जाता येतं काय? पुढच्या महिन्यात तिघं मित्र.

समुद्रवेडी
उठलं आणि निघालं असं नाही जमत. लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो, तो आधी. बाकीचं नवीन धाग्यावर विचारा, आणि तिघांपैकी कोणाचा गुडघा दुखतो तेही लिहा.