आधी तपासणं हीच खरी अडचण

प्रोग्रॅममधून नवी फाइल बनवायची असेल तर त्या नावाची फाइल आहे का ते आधी बघा, नसेल तर बनवा, असा सल्ला बरेचदा दिला जातो. कृपया असं करू नका. बघणं आणि बनवणं यांच्यामधल्या क्षणात दुसरा प्रोग्रॅम तीच फाइल बनवून मोकळा होतो. रावेरला केळीच्या वजनपावत्यांसाठी मी प्रोग्रॅम नेमका असाच लिहिला होता, पावती नंबर हेच फाइलचं नाव. दोन काट्यांवर एकाच वेळी ट्रॅक्टर लागले, दोघांना एकच पावती नंबर मिळाला आणि एका शेतकऱ्याचं वजन पुसलं गेलं. अजूनही ते मनाला लागतं.

पायथॉन भाषेत आवृत्ती ३.३ पासून फाइल उघडणाऱ्या ओपन (open) फंक्शनला 'एक्स' ('x') मोड आहे, म्हणजे फाइल नसेल तरच बनव. सी भाषेत ओपनला ओ_क्रिएट (O_CREAT) या खुणेसोबत ओ_एक्स्क्ल (O_EXCL) द्या, तिचाही अर्थ तोच. मग तपासणं-बनवणं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एका झटक्यात करतो. फाइल आधीच असेल तर एरर येते, तेव्हा पुढचा नंबर घ्या. तात्पुरत्या फाइलसाठी एमकेएसटेम्प (mkstemp) हे फंक्शन आहेच, ते न वापरलेलं नाव स्वतः निवडून फाइल बनवतं.