प्रेडर-विली: पहिलं लक्षण भूक नाहीच

वर कुणीतरी लिहिलंय की प्रेडर-विली (हा जन्मजात जनुकीय आजार आहे) म्हणजे मूल सारखं खात सुटतं, आईवडिलांनी वेळीच आवर घातला असता तर एवढं वजन वाढलं नसतं. नाही हो. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हेच आहे आणि त्याचं पहिलं वर्ष बरोब्बर उलटं होतं, बाळ एकदम लुळं, उचललं की हातातून निसटतंय असं वाटायचं, रडणं जेमतेम ऐकू येईल इतकं, दूध ओढायचीही ताकद नाही म्हणून काही आठवडे नाकातून नळी. तेव्हा सगळे म्हणायचे हे खात का नाही! भूक नंतर सुरू झाली, आणि ती लाडाची नसते, पोट भरल्याचा निरोप मेंदूत नीट पोचतच नाही. त्यात साधा कॅरिओटाइप (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणारी तपासणी) नॉर्मल आला म्हणून वर्ष वाया गेलं, शेवटी 15 नंबरच्या क्रोमोसोमची मिथायलेशन टेस्ट (जनुकं चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा बघणारी) केली तेव्हा कळलं.

अजून एक, जे इथे कुणीच लिहिलं नाहीये. या मुलांना उलटी सहसा होत नाही आणि दुखणंही कमी जाणवतं. आमच्याकडे एकदा तो दोन वेळा ओकला आणि जेवण नको म्हणाला, बास, ताप नाही की रडणं नाही. दुसरं मूल असतं तर ओआरएस देऊन सकाळपर्यंत थांबलो असतो, पण बहीण रात्रीच घेऊन गेली, अपेंडिक्सला सूज निघाली. त्यामुळे अशा मुलाने ताट बाजूला सारलं तर खूश होऊ नका, डॉक्टर गाठा.