शनिवारच्या अंगणातल्या जेवणाचं: हॉटडॉग

*कोपनहेगन मराठी ग्रुप*

मंजिरीताई: शनिवारी १४ मोठे आणि ८ मुलं. हॉटडॉग ठरलंय, तर ते इथल्या गाडीवर मिळतं तसंच करू, 'मे दे हेले', म्हणजे सगळं घालून. मोठ्यांना दोन, मुलांना एक धरलं तर ३६ होतात. आपण ४० चा हिशोब ठेवू. त्यातले १२ शाकाहारी.

केतन: सॉसेज रोड पोल्से (इथलं लाल सॉसेज) आणू की भाजायचे?

सुहासदादा: दोन्ही आण, पण वेगवेगळे शिजवायचे. लाल पोल्से गरम पाण्यात ठेवतात, दुसरे तव्यावर किंवा जाळीवर भाजतात. लाल सॉसेजचं पाणी उकळू द्यायचं नाही. ७५ ते ८० अंश, म्हणजे तळाशी बारीक बुडबुडे दिसतात पण वर उसळी नसते, अशा पाण्यात ८ मिनिटं पुरतात. खळखळ उकळलं की आतल्या पाण्याची वाफ होते, आतडीचं आवरण आक्रसतं आणि सॉसेज उभं फाटतं. चरबी पाण्यात उतरते, हातात कोरडा चोथा राहतो. आवरणाला सुरीने चिरा पाडू नका, त्यानेही तेच होतं.

केतन: आणि भाजायचे?

सुहासदादा: मध्यम आच, तव्याला चमचाभर तेल, दर मिनिटाला फिरवत ८ ते १० मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेरून काळं आणि आत थंड राहतं. दाताखाली आवरण 'कट्' वाजलं पाहिजे, नाहीतर भाजण्याला अर्थ नाही.

प्राजक्ता: आम्ही काही जण डुक्कर-गाय खात नाही. आइसलँडचं मटणाचं सॉसेज मिळतं म्हणे, ते चालेल ना?

सुहासदादा: नाही गं. त्यात मेंढीचं मांस जास्त असतं, पण नेहमीच्या आइसलँडिक सॉसेजमध्ये डुक्कर आणि गाय दोन्ही मिसळलेलं असतं. तुमच्यासाठी चिकन किंवा टर्कीचं आण, आणि आवरण कशाचं आहे तेही पाकिटावर बघ. आतलं मांस चिकनचं असलं तरी आवरण डुकराचं असू शकतं.

मंजिरीताई: शाकाहारी सॉसेजचंही वाचूनच घ्या. बऱ्याच पाकिटांत अंड्याचा पांढरा भाग असतो. आणि ती पाण्यात टाकू नका, फुगून लिबलिबीत होतात. वरून तेल लावून तव्यावर ५-६ मिनिटं. तवा वेगळा, चिमटाही वेगळा.

शुभांगीकाकू: काकडीचं माझ्याकडे द्या. सगळ्या हॉटडॉगची चव तिच्यावर असते. ४० ला ३ लांब काकड्या, साधारण सव्वा किलो. सालासकट २ मिलिमीटरच्या चकत्या, १ मोठा चमचा मीठ चोळून अर्धा तास चाळणीत. मग मूठ मूठ घेऊन घट्ट पिळायच्या. हे पिळणं टाळलं की काकडी पाणी सोडत राहते, आंबटगोड पाक पातळ होतो आणि पाव भिजून तळाशी फाटतो. पाकाला ३०० मिली ५ टक्क्यांचं व्हिनेगर, १५० मिली पाणी, २०० ग्रॅम साखर, १०-१२ मिरे. साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं आणि पूर्ण गार झाल्यावर ओतायचं. गरम ओतलं तर काकडी मऊ पडते, कुरकुर जाते. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये.

नेहा (माल्मो): काकू, मी येताना इकडून स्वीडिश व्हिनेगर आणते. माझ्याकडे भरलेली बाटली आहे.

शुभांगीकाकू: नेहा, बाटलीवर टक्के बघ हं. स्वीडनचं नेहमीचं एटिका १२ टक्क्यांचं असतं. ते असेल तर १२५ मिली घेऊन त्यात १७५ मिली पाणी, म्हणजे तेवढंच ३०० मिली ५ टक्क्यांचं होतं. आणि डेन्मार्कमध्ये ३२ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिडही किराणा दुकानात त्याच फळीवर असतं. ते चुकून तसंच वापरू नका, घसा जळेल.

प्राजक्ता: रेमुलाद, म्हणजे ते मेयोनीजचं पिवळं सॉस, बाटलीतलंच घेऊ ना?

शुभांगीकाकू: ६०० ग्रॅम लागेल. घरी करायचं तर ४०० ग्रॅम मेयोनीज, २०० ग्रॅम लोणच्यातला फ्लॉवर-गाजर-घेरकिन बारीक चिरून, २ छोटे चमचे मोहरीची पेस्ट, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा करी पावडर, चमचाभर साखर. तो पिवळा रंग आपल्या हळदीचाच आहे. चिरलेल्या भाज्या फडक्यात पिळून घे, नाहीतर तासाभरात वर पाणी येतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी व्हीगन मेयोनीजचं वेगळं वाडगं. चक्का नको, मीठ लागलं की तोही पाणी सोडतो.

केतन: तळलेला कांदा डब्यातला आणतो.

सुहासदादा: डब्यातला चालतो, ४० ला २५० ग्रॅम. पण घरचा फारच सरस. बिर्याणीचा बरिस्ता करतो तसाच, फक्त मैदा लावून. १ किलो कांदा २ मिलिमीटर उभा चिरून, ६ मोठे चमचे मैदा झटकून लावायचा. तेल १६० अंश. चिमूट कांदा टाकला की लगेच बुडबुडे यावेत, पण धूर नको. एका वेळी मूठभरच. जास्त टाकला की तेल गार पडतं, कांदा तळण्याऐवजी शिजतो आणि तेल पितो.

रंग फिकट सोनेरी झाला की काढायचा. बाहेर आल्यावरही अर्धा मिनिट तो गडद होत राहतो. कढईतच तांबूस दिसला तर तो कडू झालाच म्हणून समजा. कागदावर मोकळा पसरा, मीठ नंतर. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, आतल्या वाफेने पुन्हा नरम पडतो.

मंजिरीताई: कच्चा कांदा अगदी बारीक, ४ मध्यम. गार पाण्यात धुऊन फडक्यात कोरडा करायचा, म्हणजे उग्रपणा जातो.

नेहा (माल्मो): पाव मी भाजून आणू का? १ किलो मैदा, ६०० मिली दूध, १०० ग्रॅम लोणी, १४ ग्रॅम सुकं यीस्ट असं करते. ७० ग्रॅमचे २५ होतात.

मंजिरीताई: २५ तुझे, १५ विकतचे. लांबी १५ सेंटिमीटरच ठेव, लाल पोल्से दोन्ही टोकांनी बाहेर दिसायलाच हवं. वाढताना २०० अंशाच्या ओव्हनमध्ये फक्त २ मिनिटं. जास्त ठेवले तर चिरताना बिजागरीशी तुटतात.

प्राजक्ता: भरायचं कसं? मुलं आपापलं भरतील.

सुहासदादा: टेबलावर भरायच्या क्रमानेच ओळीने मांडा: पाव, सॉसेज, केचप, मोहरी, रेमुलाद, कच्चा कांदा, तळलेला कांदा, सगळ्यात वर काकडीच्या ३-४ चकत्या, निथळून. आइसलँडला दोन्ही कांदे आणि केचप सॉसेजच्या खाली घालतात, वर मोहरी आणि रेमुलाद. मुलांना ते सोपं पडेल, कांदा सांडत नाही.

केतन: सॉसेज गरम कसे ठेवायचे?

मंजिरीताई: तुमचा राइस कुकर आणा. आत २ बोटं गरम पाणी, 'वॉर्म'वर. थर्मामीटर घालून बघा, ६५ च्या खाली जायला नको. भाजलेले त्यात नको, त्यांची साल नरम होते. ते दहा-दहाच्या घाण्यांनीच भाजा.

सुहासदादा: थर्मामीटर मी आणतो. पहिला घाणा साडेपाचला.